मागच्या डब्याचं तेल

नगरच्या विष्णुपंत भटजींनी मोटरसायकल घेतली ती धोतरासाठी. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण खरं कारण तेवढंच होतं. त्याआधी त्यांच्याकडे सायकल होती, आणि तिच्या साखळीला पंतांच्या धोतराची चटक लागली होती. एका लग्नसराईत भिंगारच्या भर बाजारात सोगा साखळीत असा गुंतला की पंत खाली, सायकल वर आणि धोतर दोघांच्या मध्ये. मुहूर्ताची घाई होती, म्हणून पंतांनी सोगा टरकावला आणि तसंच जाऊन अंतरपाटाच्या आडोशाला उभं राहून लग्न लावलं. अंतरपाट खाली आला तेव्हा वऱ्हाडी मंडळी नवरानवरीला सोडून भटजींकडेच बघत राहिली.

पुढे लढाई संपली आणि नगरच्या कॅम्पातून लष्कराचा जुना माल विक्रीला निघाला. तंबू, बादल्या, फाटके बूट, एका पायाचेच बूट, असल्या ढिगाऱ्यात एक जर्मन मोटरसायकल उभी होती. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेली आहे म्हणे. तिला साखळीच नव्हती. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत नळीतून एक पोलादी दांडा गेलेला, आणि चाकाच्या मधोमध खरबुजाएवढा बंद डबा. डब्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत दात रोवून बसलेली. दांडा फिरला की ती फिरत आणि ती फिरली की चाक फिरे. बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटलं, साखळी नाही म्हणजे काहीतरी हरवलंय, म्हणून ते पुढे गेले. पंतांनी मात्र गाडीला एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं, मग आपल्या धोतराकडे पाहिलं आणि बोली लावली.

तेव्हापासून पंतांचा भाव वधारला. बाकीचे भटजी टांग्याने, रेल्वेने, कुणाच्या बैलगाडीत पोत्यांवर बसून जात आणि दिवसाला एक लग्न लावत. पंत सोवळ्याचं गाठोडं मागे बांधून दोन लग्नं लावू लागले. सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या. पंचांग जुनंच होतं, पण त्यातून निघणारे मुहूर्त आता रस्ता कसा आहे ते बघून निघत. चांगली सडक असेल तर गुरू-शुक्र लगेच राजी होत. वाटेत नदी असेल तर पंत म्हणत, यंदा योग नाही.

अशा भरभराटीत टाकळवाडीचं लग्न आलं. टाकळवाडी म्हणजे विळदचा घाट उतरल्यावर देहऱ्याच्या पुढे आत वळलं की लागणारं बागाइती गाव. तिथले आप्पासाहेब हे मोठे बागाइतदार. आप्पासाहेबांनी ऊस लावला की पंचक्रोशी ऊस लावी, आप्पासाहेबांनी टोपी बदलली की पंचक्रोशीच्या टोप्या बदलत. त्या घराचं भटपण पंतांच्या आजोबांपासून चालत आलेलं होतं. आता आप्पासाहेबांच्या लेकीचं, विजयमालेचं लग्न ठरलं, आणि सुपारी फुटायच्या दिवशीच त्यांचा धाकटा भाऊ सहादेव आडवा आला.

सहादेव श्रीरामपूरला शाळामास्तर होता आणि सत्यशोधकांपैकी होता. म्हणजे लग्नाला ब्राह्मण भटजी लागत नाही असं नुसतं मानणारा नव्हे, तशी लग्नं स्वतः लावणारा. तो पंतांच्या तोंडावर म्हणाला, "दादा, मुलगी आपली, जावई आपला, मांडव आपला. मग मधे कळत नाही अशा भाषेत बोलणारा माणूस कशाला?"

आप्पासाहेब पेचात पडले. भाऊ शिकलेला, त्याला दुखवायचं नव्हतं. आजोबांपासूनचा भटजी, त्यालाही उठवायचं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "पंतांनी गोरज मुहूर्त काढलाय. पंत गोरजेला मांडवात असले तर पंत लावतील. नसले, तर तू लाव. मंग माझं काई म्हननं न्हाई."

पंत हसले. माझ्याकडे जर्मन गाडी आहे, म्हणाले. पण घरी परतताना त्यांनी हिशेब मांडला. टाकळवाडीत एकदा भटजीवाचून लग्न लागलं आणि नवरानवरी सुखाने नांदली, तर देहरे, शिंगवे, वांबोरी, सगळीकडे तसंच होणार. आजोबांपासूनचं भटपण एका संध्याकाळी बुडणार. हे पंतांना नीट कळत होतं. माणूस लोभी होता, मूर्ख नव्हता. आता लोभी माणूस अडचणीत काय करतो? त्यांनी टाकळवाडीच्या लग्नाच्याच दिवशी सकाळचं भिंगारचं एक लग्न स्वीकारून ठेवलं होतं, ते काही सोडलं नाही.

दोन्ही लग्नं रविवारी होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी विव्हळायला लागली. हळू चालवली की कण्हायची, जोरात चालवली की गळा काढायची. गावातली कुत्री तिला उत्तर देत. पंत शुक्रवारी तिला भिंगारला इब्राहिमकडे घेऊन गेले.

इब्राहिम लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपात होता. तिथे तो रणगाड्यांचे पट्टे धुवायचा. पण त्याच्या बोलण्यावरून ऐकणाऱ्याची अशी समजूत होई की आफ्रिकेतली लढाई बरीचशी त्याच्या पान्यामुळेच जिंकली गेली. हाताने माणूस वाईट नव्हता. एकच खोड होती: जगात एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, असं त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"पंत, गाडी रडतीय," त्याने निदान केलं. "मागच्या डब्यातलं तेल कवा बदललं?"

डब्यात तेल असतं हीच पंतांना नवी बातमी होती. "तेल तर मी घालतो की इंजिनात."

"इंजिनाचं इंजिनाला, डब्याचं डब्याला. तुमी जेवला म्हनून तुमच्या बैलाचं पोट भरतं व्हय?"

त्याने डब्याच्या तळाचा नट सोडला. चहाच्या गाळासारखं काळं पातळ पाणी खाली आलं आणि त्यात पोलादाचा चुरा चमकत होता. पंतांनी तो बोटावर घेऊन पाहिला. हा चुरा म्हणजे आपल्या गाडीचेच दात, हे कुणी सांगायला नको होतं.

"आता नवीन तेल आना, मी भरून देतो," इब्राहिम म्हणाला. "पन उद्या संध्याकाळपर्यंत आना. परवा पहाटे मी सासुरवाडीला श्रीरामपूरला चाललो."

"कुठलं तेल आणू?"

"जाड."

"जाड म्हणजे कुठलं?"

इथे इब्राहिमला नाव माहीत असायला हवं होतं. नव्हतं. पण तो डगमगला नाही. "जाड म्हंजे जाड. काडी बुडवून वर धरायची. थेंब पटकन पडला तर ते इंजिनाचं. थेंब इचार करायला लागला तर ते डब्याचं."

पेट्रोलवाल्याकडे गिअरचं तेल पत्र्याच्या डब्यात होतं. पंतांनी त्यात काडी बुडवली. थेंब उत्तम विचार करत होता. पण पंतांनी वास घेतला आणि विचारलं, "यात चरबी तर नाही ना?" पेट्रोलवाला म्हणाला, "साहेबाच्या देशातनं येतं, काय असंल काय ठावं." झालं. पंत हात झाडून परत इब्राहिमकडे आले.

"असू शकते चरबी," इब्राहिमने गंभीरपणे सांगितलं, कारण माहीत नाही म्हणायचं नव्हतं. "आमच्यात म्हनतात डुकराची, तुमच्या आळीत म्हनतील गाईची. दोन्ही त्या एवढ्याशा डब्यात कशा मावतील ते अल्ला जाने."

ती संध्याकाळ ब्राह्मण आळीत चर्चेची गेली. ओट्यावर बसलेल्या मंडळींपैकी एकालाही डबा कुठे असतो हे माहीत नव्हतं, त्यामुळे मतं ठाम होती. चाक अशुद्ध झालं तर गाडी अशुद्ध होते का? गाडी अशुद्ध झाली तर तिच्यावर बांधलेलं सोवळं? एकाने सुचवलं की गाडी आणि सोवळं यांच्यामध्ये दर्भ ठेवावा. पंतांच्या पत्नी सुनीतीबाई दारात तांदूळ निवडत हे ऐकत होत्या. त्यांना अखेर राहवेना.

"ते तेल तुम्ही काय पिणार आहात की काय?" त्या म्हणाल्या. "आणि एवढंच असेल तर एरंडेल घाला. माझे मामा गाडीच्या आसाला एरंडेलच घालायचे. जाडही असतं आणि कुणाची चरबीही नाही."

सांगितलं ते शहाणपणाचं होतं. एवढी सोपी गोष्ट बायकोने सांगावी याचं पंतांना वाईट वाटलं, पण पटली. मात्र तोवर तेल्याने दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या.

"मग सकाळी मी आणते," सुनीतीबाई म्हणाल्या.

"उद्या शनिवार आहे."

शनिवारी तेल विकत आणायचं नसतं. शनी मागे लागतो. आणि हे अख्ख्या पेठेला दारोदार सांगत फिरणारे कोण, तर स्वतः विष्णुपंत. गेल्याच वर्षी एका यजमानाच्या घरी शनिवारी तेल आलं म्हणून पंतांनी त्याला शनीची शांत करायला लावली होती आणि शांतीचं सगळं दान यथासांग घरी आणलं होतं. आता त्याच पंतांची बायको शनिवारी सकाळी एरंडेलाची बाटली घेऊन तेल्याच्या दुकानातून बाहेर पडली, तर आळी काय म्हणेल?

"शेजारून उसनं आणते मग."

"उसनं म्हणजे उशिरा दिलेलं विकतच."

"तर मग रविवारी सकाळच्या रेल्वेने जा टाकळवाडीला. वांबोरीला उतरा, तिथून गाडी मिळेल. दुपारी पोचाल."

"आणि भिंगारचं लग्न?"

सुनीतीबाईंनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. नवऱ्याशी किती बोलायचं याचा अंदाज त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी आला होता.

शनिवारी सकाळी पंत नेहमीप्रमाणे मारुतीला गेले, आणि तिथे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शनिवारी सारं गाव मारुतीच्या डोक्यावर तेल ओततं. ते मूर्तीवरून, शेंदरावरून ओघळत खालच्या कुंडीत साठतं. त्यात विकत घेणं नाही, उसनं नाही, चरबीचा संशय नाही. नगरच्या माणसाने देवाला वाहिलेलं करडईचं शुद्ध तेल, वर देवाच्या अंगावरून आलेलं. शिवाय फुकट. पंतांना स्वतःच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं. गाडी वाऱ्याच्या वेगाने धावावी म्हणून मारुतीच्या अंगावरचंच तेल!

देवळाचे गुरव गोरक्षनाथ. पंतांनी त्यांच्यापुढे पितळी तांब्या धरला आणि थोडं तेल मागितलं.

"गुडघ्याला का?" गोरक्षनाथांनी विचारलं. सांधे धरलेले लोक ते तेल चोळायला नेत.

"हो, सांधेच म्हणा," पंत म्हणाले. गाडीत घालतो म्हणायची त्यांना लाज वाटली. लाज वाटली ती जरा ऐकली असती तर बरं झालं असतं, पण पंतांनी काडी काढली आणि कुंडीत बुडवली. वरच्या तेलाचा थेंब पटकन पडला. पंतांनी नाक मुरडलं.

"तळातलं द्या."

"तळातलं? तो सगळा शेंदराचा गाळ हाय, पंत. अंगाला लागला तर निघत न्हाई."

"तेच पाहिजे. जाड पाहिजे मला."

गोरक्षनाथांनी पळीने तळ खरवडला. शेंदरी, दाट, पिठल्यासारखं काहीतरी तांब्यात पडलं. पंतांनी काडी बुडवून वर धरली. थेंब काडीच्या टोकाला लोंबला, थांबला, आणि पडायचं नावच घेईना. एवढा विचारी थेंब पेट्रोलवाल्याकडेही नव्हता. पंतांनी मारुतीला दुसऱ्यांदा नमस्कार केला.

संध्याकाळी तो तांब्या इब्राहिमच्या पुढ्यात आला. इब्राहिमने झाकण काढलं आणि त्याच्या भुवया वर चढल्या. असलं तेल त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कुठून आणलं, कसलं आहे, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारायचं म्हणजे माहीत नाही म्हणायचं. पंत सांगणार नाहीत आणि इब्राहिम विचारणार नाही; दोघांची अब्रू त्या तांब्यात शाबूत होती.

"अमेरिकन का?" इब्राहिम शेवटी जाणकारासारखा म्हणाला. "अमेरिकन गाड्यांत लालच असतं."

"एकदम शुद्ध आहे," पंत म्हणाले.

"दिसतंयच की. काय थेंब हाय! लष्करात न्हवतं असलं." आणि त्याने ते पळीपळीने, ढोसून ढोसून डब्यात भरलं.

दोघांनी कॅम्पाच्या मैदानाला एक फेरी मारून बघितली. काय सांगावं! गाडी बोलेनाशी झाली. कण्हणं नाही, विव्हळणं नाही. झिजलेल्या दातांच्या फटींत शेंदराचा लगदा जाऊन बसला होता आणि दात गपगार झाले होते. इब्राहिमने हात पुसत सांगितलं की हे सगळं पान्याच्या पकडीवर असतं. पंतांनी मनात मारुतीला श्रेय दिलं आणि थोडं स्वतःकडे ठेवलं. त्या रात्री पंत फार गाढ झोपले.

रविवारी भिंगारचं लग्न रडतखडत लागलं, कारण नवरदेवाचे मामा रुसले होते. पंत निघाले तेव्हा उन्हं कलली होती. तरी घाई नव्हती. सडक मोकळी, गाडी मुकी, मागे सोवळ्याचं गाठोडं. विळदचा घाट लागला तेव्हा पंत मंगलाष्टकं गुणगुणत होते आणि सहादेव मास्तरचा चेहरा कसा पडेल ते डोळ्यांसमोर आणत होते.

पहिल्यांदा वास आला. तळणीत तेल जळाल्यासारखा, आणि त्यात काहीतरी ओळखीचं. शनिवारी गाभाऱ्यात येतो तो वास विळदच्या घाटात कसा येतो, हे पंतांच्या ध्यानात यायच्या आत गाडी जड झाली. पंतांनी जोर वाढवला. इंजिन ओरडलं, मागच्या चाकाने एक आचका दिला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला अशी घसरली की पंत बोराटीच्या झुडपात जाऊन बसले.

ते काटे उपटत उठले आणि गाडी ढकलायला लागले. पुढचं चाक फिरत होतं, मागचं हलेना. पंतांनी गाडीला खूप समजावलं, लाथ मारली, शेवटी गाडीबरोबर आलेला पाना काढून डब्याच्या तोंडाचा नट सोडला. बोटं भाजली. आत वाकून पाहिलं तर तेल नव्हतंच. आत लाल कवच होतं. मारुतीच्या अंगावर वर्षानुवर्षं चढलेलं असतं तसं, चकचकीत, घट्ट, नख रुतणार नाही असं. शेंदूर करडईच्या तेलात कालवून मूर्तीला लावला की तो हळूहळू दगडासारखा होतो, हे पंत मुंज झाल्यापासून दर शनिवारी पाहत आले होते. डब्यातल्या उष्णतेने तेच काम घाट संपायच्या आत उरकलं होतं. पंतांनी काडी घातली. काडी तिथेच चिकटली.

एवढ्यात वरून एक बैलगाडी आली. छगन नावाचा टाकळवाडीकडचाच शेतकरी, नगरच्या बाजारात कांदा घालून रिकामी गाडी घेऊन परत चालला होता. त्याने पंतांना ओळखलं, बैल थांबवले, खाली उतरून मागचं चाक हलवून पाहिलं.

"साखळीची गाडी आसती तर साखळी काढून फेकली असती आन् ढकलत तरी नेली असती," तो म्हणाला. "हिचं काय काढायचं?"

पंतांनी धोतराचा सोगा सावरला.

"बसा पंत. बैल पळवतो, दिस मावळायच्या आत मांडवात सोडतो. गाडी लोटा झुडपात."

"आणि कुणी चोरली तर?"

"चाकच फिरत न्हाई, चोरनार कोन? खांद्यावर घिऊन जाईल व्हय?"

छगनचं म्हणणं सरळ होतं. त्या क्षणी पंत बैलगाडीत चढले असते तर ही गोष्ट इथेच, मंगलाष्टकांत संपली असती. पण पंतांनी स्वतःला बघितलं: गेले दोन हंगाम धूळ उडवत येणारे विष्णुपंत बैलगाडीतून, कांद्याच्या सालींवरून उतरताहेत, अंगाला काटे, आणि मोटरसायकल कुठेच नाही. सहादेव मास्तर दारातच उभा असणार. निदान गाडी बरोबर दिसली पाहिजे. बिघडलेली का होईना, जर्मन गाडी.

"गाडी घेऊनच जायचं," ते म्हणाले.

मग खाली सडकेवर खडी फोडणारी माणसं होती, त्यांना हाकारून वर आणलं. त्यांनी आधी तंबाखू मळली. मग फळी नाही म्हणून फळी शोधली. जर्मन लोकांनी ती गाडी वाळवंटासाठी केली होती, बैलगाडीसाठी नव्हे. ती चढता चढेना. एकदा चढली आणि पलीकडून उतरली. बैल बुजले. सूर्य चांगला खाली आला तेव्हा कुठे ती दोरांनी बांधून झाली, आणि त्या ओझ्याने बैल जे चालायला लागले ते चालतच राहिले. छगनने एकदा आसूड उचलला, बैलांकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

बैलगाडीत गाठोड्याला टेकून पंतांनी पंचांग उघडलं. आता त्यांना दुसराच मुहूर्त हवा होता, जरा उशिराचा. शोधणाऱ्याला पंचांगात काय मिळत नाही? शिंगव्यापर्यंत त्यांनी गोरजेत एक दोष शोधला. देहऱ्यापर्यंत तो दोष भयंकर झाला. गाडी आडरस्त्याला वळली तेव्हा पंतांची स्वतःचीच खात्री पटली होती की मारुतीनेच आपल्याला अडवलं, नाहीतर त्या पोरीचं वाटोळं झालं असतं.

टाकळवाडीत शिरताना अंधारून आलं होतं. गुरं केव्हाच गोठ्यात गेलेली, गॅसच्या बत्त्या लागलेल्या. पंत गाडी थांबायच्या आत उतरले आणि मांडवात शिरून मोठ्याने म्हणाले, "आप्पासाहेब, थांबवा! आजची गोरज दूषित होती. देवाच्याच इच्छेनं मला उशीर झाला. शुद्ध मुहूर्त आता आहे."

मांडवात पंगत बसलेली होती. माणसांनी माना वर केल्या आणि परत भाताकडे वळवल्या.

आप्पासाहेब उठून आले. पंत त्यांच्या रागाची तयारी करून आले होते. रागावलेल्या यजमानाला कसं नमवायचं हे त्यांना पाठ होतं. पण आप्पासाहेबांच्या तोंडावर राग नव्हता. लेकीचं लग्न पार पडलेल्या बापाचा थकवा होता, आणि थोडा आनंद.

"पंत, लगीन लागलं," ते म्हणाले. "लई वाट बघितली तुमची."

"पण मुहूर्त दूषित होता."

"मंग तो काढला कुनी व्हता?" हे आप्पासाहेबांच्या कारभारणी म्हणाल्या. त्या वाढायला निघाल्या होत्या, हातात बुंदीचं ताट होतं. "आमच्या थोरलीच्या वक्ताला वऱ्हाड ओढ्यापाशी अडलं, तवा तुमी मुहूर्त टळला म्हनून दोनी मांडव रातभर उपाशी बशिवलं. आज तुमी अडलात. आमी न्हाई कुनाला उपाशी बशिवलं."

सहादेव जवळ आला. त्याचा चेहरा पडलेला नव्हता आणि त्यावर जिंकल्याची मिजासही नव्हती. पंतांना ती असती तर बरी वाटली असती. तो म्हणाला, "पंत, दिवस बुडाला, गाई घरी आल्या, तरी थांबलो. मग दादा म्हणाले, लाव. दोघांनी एकमेकांसमोर साधी शपथ घेतली, मराठीत. लोकांनी अक्षता टाकल्या. एवढंच."

"लगीन म्हंजे काय म्हनत्यात ते पयल्यांदाच कळलं बायांना," कारभारणी म्हणाल्या. "म्हनून तर सगळ्या रडल्या."

एवढ्यात पंगतीतून एक म्हातारा शेतकरी उठला. हात धुऊन, पदराला पुसावा तसा उपरण्याला पुसून तो पुढे आला. पंतांनी त्याला ओळखलं. त्याच्या दोन्ही मुलांची लग्नं पंतांनीच लावली होती, आणि धाकटी मुलगी आता लग्नाची होती. पंतांनी सवयीने पंचांग काखेतून पुढे घेतलं. म्हातारा त्यांना नमस्कार करून सहादेवापाशी गेला.

"मास्तर, आमच्या पोरीचं बी तुमीच लावा. जेठात. रविवार बघा, तुमाला सुट्टी आसल तो."

सहादेव हो म्हणाला. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं आणि दिवस ठरला. ग्रह, गुण, घटिका, पळं, काही नाही. मास्तरला शाळा नसलेला रविवार. पंतांना वाटलं, आता कुणीतरी आपल्याकडे वळेल, हा दिवस चालेल का म्हणून विचारेल. ते तयार होते. चालेल असंच म्हणाले असते. कुणी विचारलं नाही. मांडवाबाहेर छगनच्या गाडीभोवती माणसं जमली होती आणि मोटरसायकल बघत होती. एकजण म्हणत होता की इंजिन चांगलं दिसतंय, विहिरीवर पाणी उपसायला लावता येईल.

पंत खांबाला टेकून उभे राहिले. सकाळपासून पोटात भिंगारच्या दोन घासांशिवाय काही नव्हतं. या घरी त्यांचा शिधा ठरलेला असे: तांदूळ, डाळ, कणीक, तूप, वर गुळाचा खडा, नव्या सुपात मांडून. ते विहिरीपाशी चूल मांडून आपला स्वयंपाक करत आणि आप्पासाहेब स्वतः लांब उभे राहून पंतांचं झालं का, पंतांचं झालं का, असं विचारत. पंतांनी ओटीकडे नजर टाकली. सूप नव्हतं. कुणी विसरलं नव्हतं. आज ते काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कारभारणी पंगत वाढत वाढत त्यांच्यापाशी आल्या आणि खांबाशेजारच्या रिकाम्या पत्रावळीकडे बोट करून म्हणाल्या, "बसा की, पावनं. दमला असाल."

पंतांना या घरात आजवर कुणी पाहुणा म्हटलं नव्हतं.

"नको, नको," पंत म्हणाले.

"बसा वो. घास खा."

"नको. आम्हांला तुमच्या पंगतीतलं चालत नाही."

रीत अशी की माणसाने दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा घरच्यांनी गळ घालायची. मग भटजी असेल तर शिधा काढायचा, सुपात मांडायचा, वर गुळाचा खडा ठेवायचा. पंतांनी मान थोडी खाली घातली आणि वाट पाहिली. बुंदीचा गोड वास येत होता.

"बरं," कारभारणी म्हणाल्या, आणि पुढच्या पानावर वाढायला गेल्या.